जबाब वाचून दाखवला

"ताई, ते कंसातलं मात्र अजिबात काढू नका हं," क्युरेटर म्हणाला. "'दोघे गप्प, एक मिनिट चाळीस सेकंद.' काय लिहिलंय! सबंध पुस्तकाचा प्राण आहे त्या एका ओळीत."

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी कुठे काय लिहिलं? तुम्ही दोघं गप्प बसलात म्हणून गप्प लिहिलं. बोलला असतात तर बोललेलं लिहिलं असतं."

"तेच तर! तुम्ही शांततेलासुद्धा बोलू देता."

"शांतता कसली डोंबलाची! धाकट्याने चहा सांडला होता. तुम्ही फडकं शोधत होतात."

क्युरेटर हसला. त्याला वाटलं, ताई गंमत करतेय. ताई आयुष्यात कधी कामाच्या बाबतीत गंमत करत नसे, पण हे त्या माणसाला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. त्याला दुसरंही बरंच कळलं नव्हतं. घरून आणलेली उशी पाठीशी घेऊन तो बसे, दुसऱ्याच्या खुर्चीवर त्याचा विश्वास नव्हता. समोरच्याने नुसता घसा खाकरला तरी डोळे मिटून म्हणे, "थांबूया इथे जरा."

समोरचा म्हणजे धाकटा. ताईचा पाठचा भाऊ. वय वर्षं अठ्ठावन्न, पांढरी दाढी, अंगात मुद्दाम डाग पाडून घेतल्यासारखा सदरा. त्याला चित्रकार म्हटलेलं चालत नसे. "मी चित्र काढत नाही ताई, मी अवशेषांवर काम करतो," असं तो सांगे. काम म्हणजे काय, तर खुर्ची जाळायची, विझवायची आणि टांगायची. मग दरवाजा जाळायचा, विझवायचा आणि टांगायचा. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं आणि पाच देशांतल्या संग्रहालयांत ते टांगलेलं होतं. जगात कुणाला कशाची हौस असेल, सांगता येत नाही.

तर हा धाकटा आणि तो क्युरेटर अकरा वर्षं दर गुरुवारी धाकट्याच्या स्टुडिओत समोरासमोर बसून बोलत होते. मध्ये रेकॉर्डर. कलेवर बोलत, राखेवर बोलत, आधीच्या गुरुवारी काय बोललो त्यावर बोलत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवायलाही हेच दोघे. त्या बोलण्याचं आता पुस्तक निघणार होतं. आजवर त्यातले तुकडे परक्या भाषांत, जाडजूड कॅटलॉगांत छापून आले होते. आपल्या भाषेत पहिल्यांदाच सगळं येणार होतं. सगळी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम ताईकडे आलं, कारण ती घरचीच आणि कारण ती चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होती.

चौतीस वर्षं न्यायाधीशांच्या चौथऱ्याखालच्या खुर्चीवर बसून तिने खून लिहिले, घटस्फोट लिहिले, भावाभावांनी एका भिंतीवरून काढलेली एकमेकांची अब्रू लिहिली. एक शब्द पदरचा घातला नाही, एक गाळला नाही. साक्षीदार धडधडीत खोटं बोलतोय हे त्या खोलीतल्या पंख्यालाही कळत असे, पण स्टेनोने वर बघायचं नसतं. ती कधी वर बघत नसे. याचा तिला अभिमान होता. तिचं मत काय हे चौतीस वर्षांत तिला एकानेही विचारलं नाही, आणि याचाही पुढे पुढे तिला अभिमानच वाटायला लागला होता.

"आता कव्हरचं," क्युरेटर म्हणाला. त्याने आवाज एकदम खाली आणला, दवाखान्यात आणतात तसा. "मला कव्हरवर आप्पांचा हात हवाय."

"कोणता हात?" ताईने विचारलं.

"तोच. उजवा. ज्या हाताने चित्रं आगीत टाकली, तो. त्यावर भाजल्याच्या खुणा आहेत ना? म्हणजे बघा, आगीने त्या हातालाही सोडलं नाही! याहून मोठी प्रतिमा कुठे मिळणार?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा कपात बघत होता. कपात काही नव्हतं.

"मी आप्पांना फोन केला काल," क्युरेटर पुढे म्हणाला. "कारण नाही सांगितलं, नुसतं म्हटलं, पुस्तकासाठी तुमच्या हाताचा फोटो हवाय. लगेच हो म्हणाले. मला तर धक्काच बसला. खुशीत होते!"

मग त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. ताईने समोरचे कागद गोळा केले, टोकं जुळवली, पुन्हा ठेवले.

झालं होतं ते असं. आप्पा दवाखान्याच्या धुलाईखान्यात बॉयलर चालवत. चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले उकळायला वाफ लागे, ती आप्पांची. धाकटा सतरा वर्षांचा असताना कलाशाळेने त्याला प्रवेश न देता परत पाठवला. साठ चित्रं घेऊन गेला होता, साठच्या साठ काखोटीला मारून आला. दुपारी आप्पांचा डबा घेऊन तो बॉयलरवर गेला, डबा ठेवला, आणि आप्पा दाबाचा काटा बघत असताना भट्टीचं दार उघडून सगळा गठ्ठा आत फेकला. आप्पांनी वळून पाहिलं आणि हात घातला. आकडा शेजारीच होता, लांब दांड्याचा, तो घ्यायचंही सुचलं नाही त्यांना. अकरा कागद बाहेर आले, कडेने जळलेले. आप्पा दोन महिने त्याच दवाखान्यात पट्टी बांधायला जात होते. करंगळी आणि शेजारचं बोट तेव्हापासून वाकत नाहीत.

ते अकरा कागद आप्पांनी गादीखाली सपाट करून सहा वर्षं ठेवले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे धाकट्याला एका प्रदर्शनात लावायला काहीतरी हवं होतं आणि हाताशी काही नव्हतं, तेव्हा आप्पांनी गादी उचलली. प्रदर्शनाचं नाव 'जळीत'. तिथून धाकटा जो वर गेला तो गेलाच. हात कसा भाजला, असं कुणी विचारलं की आप्पा म्हणत, "बॉयलरचं काम आहे, भाजायचंच." आई गेल्यावर खरी गोष्ट माहीत असलेले तिघेच उरले.

आणि रेकॉर्डिंगवर काय होतं? पहिल्या वर्षी: "चित्रं जळली." दुसऱ्या वर्षी: "एक आग होती." चौथ्या वर्षीचं तर ताईला तोंडपाठ होतं.

क्युरेटर: आग कुणाची होती?
कलाकार: बॉयलरची.
क्युरेटर: नाही, नाही. कुणाची होती?
कलाकार: बॉयलर आप्पांचा होता. त्यांच्या कामावरचा.
क्युरेटर: म्हणजे वडिलांची. वडिलांनी तुझी चित्रं आगीत टाकली?
(कलाकार गप्प, नऊ सेकंद.)
कलाकार: हो. तसंच म्हणायचं.

कोर्टात असा प्रश्न आला असता तर समोरचा वकील ताडकन उभा राहिला असता. सूचक प्रश्न! उत्तर प्रश्नातच घालून साक्षीदाराच्या तोंडात कोंबायचं, मग त्याने नुसती मान हलवायची. पण गुरुवारी स्टुडिओत समोरचा वकील नव्हता. पाचव्या वर्षी आप्पांनी भट्टीचं दार पायाने लोटलं. सातव्या वर्षी ते "रेघोट्या ओढून पोट भरतं का?" असं म्हणाले. नवव्या वर्षी ते हसले, आणि पोराने आगीत हात घालून अकरा कागद बाहेर काढले. पोराचे हात मात्र लोण्यासारखे कसे राहिले, हे विचारायचं क्युरेटरला काही सुचलं नाही. त्याने त्या बापावर तीन व्याख्यानं दिली. 'भस्मकारी पिता' असा शब्दही काढला. शेंडा ना बुडखा, पण चालला शब्द!

हे सगळं ताईने टाइप केलं होतं. हेडफोन कानाला लावून, पाठ ताठ ठेवून, एक शब्द न गाळता. दर वेळी बोटं क्षणभर थांबत आणि ती स्वतःला बजावी: आपलं काम लिहायचं. खरं-खोटं बघायला बसलेत वर. आता कागद जुळवताना तिच्या लक्षात आलं, की इथे वर कुणी बसलेलंच नव्हतं. चौतीस वर्षांची शिस्त शिस्त म्हणून जिचे गोडवे गायले, तिच्या जोरावर आपण बापाविरुद्धची खोटी साक्ष सुवाच्य करून दिली. धाकट्याचा आणि त्या उशीवाल्याचा तिला जेवढा तिटकारा आला, तेवढाच स्वतःचाही आला.

"धाकट्या," ती म्हणाली, "ते एकशे बारावं पान काढ."

"ताई, ते काढलं तर पुस्तक उरतच नाही. सगळं त्यावर उभं आहे."

"मग पडू दे."

"तुझं कसं आहे, तू कोर्टात होतीस. तुला सगळं खरं नाहीतर खोटं असंच दिसतं."

"आणि तुला कसं दिसतं?"

धाकट्याने दाढीवरून हात फिरवला. "मला आता तसंच आठवतं गं. शपथेवर सांगतो. डोळे मिटले की आप्पाच दार उघडताना दिसतात."

ताईला खोटारडे साक्षीदार ठाऊक होते. त्यांच्यातले सगळ्यांत वाईट कोणते, हेही ठाऊक होतं. हेच, स्वतःच्या साक्षीवर विश्वास बसलेले.

"आप्पा वाचतील ते," ती म्हणाली.

"एवढं बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही."

"भिंग आहे त्यांच्याकडे. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा वाचतात ते. अथपासून इतिपर्यंत."

"मग कळेल त्यांना. ती रूपककथा आहे."

"रूपककथेने माणसाची दोन बोटं जात नाहीत रे, मेल्या!"

तेवढ्यात क्युरेटर परत आला. ताईने तिथल्या तिथे ठरवलं आणि दोघांना सांगून टाकलं. पुस्तकाची शेवटची फाईल तिच्याकडे होती. कोर्टात जबाब लिहून झाला की साक्षीदाराला वाचून दाखवतात. 'वाचून दाखवला, बरोबर आहे,' असं तो म्हणाला तरच सही घेतात. इथेही तसंच होईल. फोटोच्या दिवशी एकशे बारावं पान ती आप्पांच्या समोर मोठ्याने वाचेल. धाकट्याने ऐकून 'बरोबर आहे' एवढंच म्हणायचं. म्हणाला, की फाईल मिळेल.

धाकट्याचा चेहरा उतरला. क्युरेटरचा उजळला.

"वडिलांसमोर वाचन!" तो म्हणाला. "ताई, तुम्ही कमाल आहात. हाच पुस्तकाचा शेवट! मी रेकॉर्ड करणार."

ताईला वाटलं होतं, आपण सापळा लावला. आप्पांच्या डोळ्यांदेखत खोटं बोलायला धाकट्याची जीभ उचलणार नाही, याची तिला खात्री होती. क्युरेटरला तिने तोंडाने काही सांगितलं नाही. साक्ष भावाने द्यायची, स्टेनोने नव्हे. इतकं होऊनही सवय गेली नव्हती तिची.

घरी आली तर आप्पा खिडकीशी बसून नखं कापत होते. शहाऐंशी वर्षांचे आप्पा, उजव्या हाताची नखं डाव्या हाताने कापायची म्हणजे मोठंच प्रकरण. ताईने हात पुढे केला, त्यांनी नेलकटर दिलं नाही.

"थांब गं. फोटो आहे हाताचा. तू मुळाशी कापतेस."

"एवढं काय त्यात, आप्पा?"

"वा! पुस्तकावर येणार म्हणाला तो माणूस. पुढच्या पानावर. शेजारच्या मास्तरांना सांगितलं मी. ते म्हणाले, लोकांचे चेहरे येतात, तुमचा हात कसा काय?" आप्पा खुदकन हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "धाकट्याने सांगितलं वाटतं लोकांना शेवटी."

"काय सांगितलं?"

"तेच गं. त्या दिवसाचं. मी कधी कुणाला बोललो नाही. त्याचीच चित्रं त्यानेच टाकली म्हटल्यावर पोराला लाज वाटली असती. पण आता मोठा झाला, नाव झालं. सांगितलं असेल, की आप्पांनी काढली बाहेर. म्हणून तर हात हवाय त्यांना, नाहीतर माझ्या हातात काय आहे?" त्यांनी हात उजेडात धरून उलटापालटा करून पाहिला. "बरं झालं. मला काही हौस नव्हती, पण बरं वाटलं."

ताई आत गेली आणि मोरीचा नळ सोडून उभी राहिली. रडायचं तर आवाज नको. आत्ताच सांगावं का? सांगायला ती दोनदा दारापर्यंत आली. दोन्ही वेळा आप्पा भिंगातून स्वतःची नखं तपासताना दिसले, आणि ती मागे फिरली. शेवटी तिने मनाशी म्हटलं, धाकटा बोलेल. त्यांच्यासमोर तो खरं बोलेल आणि मग ते पान ऐकल्याचं आप्पांना लागायचं कारणच उरणार नाही.

रविवारी सकाळी दोघे आले. क्युरेटरने कॅमेरा आणला होता, रेकॉर्डर आणला होता, उशीही आणली होती. आप्पा दाढी करून, पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर हात. क्युरेटर दारातच थबकला. 'भस्मकारी पिता' त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. तो असा बिचकत जवळ गेला, की जणू आप्पा आत्ता उठून त्याचा कॅमेरा चुलीत घालतील.

"या, या," आप्पा म्हणाले. "बसा. उन्हातून आलात. ताई, पाणी दे. धाकट्या, वाळलास रे तू. खातोस ना वेळेवर?"

"हो आप्पा," धाकटा म्हणाला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. त्या स्टुलावर तो लहानपणी अभ्यासाला बसे. आता गुडघे हनुवटीला लागत होते.

क्युरेटरने उजेड बघितला, टॉवेल सरळ केला. "आप्पा, हात जरासा असा. हो. बोटं सोडा... नाही वाकत? उत्तम! तसंच राहू दे."

"हाच घातला होता," आप्पा उत्साहाने सांगायला लागले. "उजवाच. म्हणजे सवयीने उजवाच पुढे जातो ना माणसाचा."

"थांबूया इथे जरा," क्युरेटर कुजबुजला आणि त्याने रेकॉर्डर सुरू केला. त्याचे डोळे चमकत होते. त्याला वाटलं, म्हातारा कबुली द्यायला लागला.

"आधी वाचन," ताई म्हणाली.

तिने एकशे बारावं पान काढलं. उभं राहून, कोर्टात वाचत असे त्याच आवाजात, ना वर ना खाली, तिने वाचायला सुरुवात केली. कलाकार म्हणतो, मी सतरा वर्षांचा होतो. कलाकार म्हणतो, माझ्या हातात साठ चित्रं होती. वडिलांनी ती हिसकावून घेतली. वडिलांनी भट्टीचं दार पायाने लोटलं आणि एकेक करून आत टाकली. ते म्हणाले, रेघोट्या ओढून पोट भरतं का? ते हसत होते. मी आगीत हात घालून अकरा वाचवली. त्या दिवशी मला वडील नाहीत हे मला कळलं, आणि त्या दिवशीच मी कलाकार झालो.

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

आप्पांच्या चेहऱ्यावर सुरुवातीचं हसू होतं ते अजून पूर्ण गेलं नव्हतं. कुणी आपल्याशी परक्या भाषेत बोललं की आपण हसून बघत राहतो तसं ते राहिलं होतं. मग हळूहळू गेलं. त्यांनी टॉवेलवरच्या हाताकडे पाहिलं. मग ताईकडे, मग क्युरेटरकडे. सगळ्यांत शेवटी धाकट्याकडे.

"साक्षीदाराने ऐकलं," ताई म्हणाली. "धाकट्या, बरोबर आहे का? एवढंच सांग. बरोबर, की नाही?"

धाकट्याची मान आधी किंचित आडवी हलली, ताईने ते नीट पाहिलं, आणि मग क्युरेटर म्हणाला, "सोपं नाहीये. वेळ घे," आणि ती मान जिथल्या तिथे थांबली. स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दडपून, पाठीचं कुबड काढून धाकटा बसून राहिला. कलाशाळेतून परत आला त्या दिवशीही तो तसाच बसला होता. त्या दोघांच्या मते ही शांतता असेल. ताईला त्या क्षणी दोघांचीही मानगूट धरून जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं.

"बोल ना!" ती ओरडली. "अकरा वर्षं तोंडाचा पट्टा चालू आहे तुझा, आणि आता दातखीळ बसली? तू बोलत नसशील तर मी बोलते. हे बघा हो, त्या दिवशी..."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले.

"आप्पा!"

"बरोबर आहे म्हटलं ना." आप्पांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला अर्धा लिटर सांगावं इतका साधा. "मीच टाकली. रागात होतो. त्याला घेतलं नाही ना त्या शाळेने, म्हणून राग आला. पोराने काढली बाहेर. धीट होता लहानपणी."

"आप्पा, असं काय करता? तुम्ही..."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला विचारलंय का कुणी?" आयुष्यात आप्पा तिच्यावर एवढे कधी तडकले नव्हते. मग क्युरेटरकडे वळून ते म्हणाले, "फक्त ते हसण्याचं... हसलो नसेन मी. ते तेवढं बघा जमलं तर. नाही जमलं तर राहू दे."

क्युरेटर हेलावून गेला होता. त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं, आणि ते पाणी पाहून ताईला किळस आली. चष्मा वर सरकवून तो खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "आप्पा, तुम्ही काय दिलंत याची तुम्हाला कल्पना नाही. आता हात तसाच, अगदी तसाच ठेवा."

आप्पांनी हात उचलला आणि टॉवेलखाली घेतला.

"फोटो नको," ते म्हणाले.

"पण आप्पा, कव्हर..."

"पुस्तकात काय लिहायचं ते लिहा. हाताचा फोटो मिळणार नाही."

क्युरेटरने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने जमिनीकडे. बराच वेळ कॅमेरा तसाच वर होता. समोर काढण्यासारखा नुसता टॉवेल होता. शेवटी त्याने झाकण लावलं, उशी उचलली आणि चपला शोधत दाराकडे गेला.

धाकटा उठला, आप्पांच्या खुर्चीपर्यंत आला. काहीतरी म्हणेल असं वाटलं. आप्पांनीच विचारलं, "जेवून जातोस का? तुझ्या आवडीचं काहीतरी करेल ती."

"नको आप्पा. मीटिंग आहे."

"बरं, बरं. जा. उशीर नको व्हायला."

जिन्यावरची पावलं पार खाली जाईपर्यंत ताई हातात ते पान धरून उभी होती. "का केलंत असं?" ती म्हणाली. "आप्पा, का? मी खरं बोलणार होते. कधी नव्हे ते बोलणार होते."

"तू खरं बोलली असतीस गं. मग त्याने काय केलं असतं?" आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "अठ्ठावन्न वर्षांचा आहे तो. या वयात दुसरी गोष्ट कुठून आणणार? तुझं बरं आहे, तुला पेन्शन आहे."

ताईला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. ती तशीच खुर्चीपाशी खाली बसली. आप्पांनी तिला रडू दिलं. डोक्यावर हात ठेवला, तो डावा. उजवा टॉवेलखालीच होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "फाईल देऊन टाक त्यांना."

"देते."

"आणि मास्तरांनी विचारलं तर सांग, फोटो नीट आला नाही."

"सांगेन."

मग आप्पांनी टॉवेलखालून हात काढून तिच्यापुढे धरला. "बाही खाली कर," ते म्हणाले. "गार लागतंय." बाहेर ऊन रणरणत होतं. ताईने डोळे पुसले, दुमडलेली बाही एकेक घडी उलगडत मनगटापर्यंत आणली, न वाकणाऱ्या बोटांपर्यंत ओढून सारखी केली आणि बटण लावलं.